फोटोखालची रिकामी जागा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खळ शिजवणं. ही, म्हणजे माझी बायको, गॅसपाशी उभी होती आणि मी ओट्याला टेकून कणीक गाळत होतो. हिच्या जुन्या, चिकनच्या भरतकामाच्या ओढणीचा एक तुकडा होता. तो पातेल्याच्या तोंडावर बांधायचा, वर कणीक टाकायची आणि चमचा फिरवत राहायचं. खाली उतरते ती वस्त्रगाळ. वर राहिलेला कोंडा ही पोळ्यांच्या कणकेत परत घालायची. फेकणं हिला ठाऊकच नव्हतं.

"गुठळी झाली," मी म्हणालो.

"झाली नाही. तुम्हाला दिसली."

"जन्मभर लेई शिजवली मी. मला गुठळी दुरून दिसते."

"मग धरा ही पळी. नुसतं उभं राहून साहेबगिरी काहून करता?"

मी पळी धरली. आपण ज्याला खळ म्हणतो त्याला इकडे लखनौत लेई म्हणतात. कणीक गार पाण्यात कालवायची, मंद आचेवर हलवत राहायचं. दुधासारखा रंग जाऊन तिला काचेसारखी चमक आली की उतरवायची. ऑफिसात मी तिच्यात मोरचूद घालायचो, म्हणजे रजिस्टरांना झुरळं आणि वाळवी लागत नाही. पण हिला स्वयंपाकघरात विष नको होतं. हिने कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, त्याने काही होत नाही.

"नाही तर नाही," ही म्हणाली. "कीड लागलीच तर तुमच्या फोटोंपासून लागू दे."

त्या दुपारी लावायचा फोटो एकच उरला होता. शेवटचं पान आणि त्यावर हिचा फोटो. जानकीपुरमचा हा प्लॉट घेतला तेव्हाचा. घर नव्हतंच. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि त्या रेघांच्या मधोमध ही पदर खोचून उभी. कॅमेऱ्याकडे बघतच नाही. बोटाने खाली दाखवते आहे. काय दाखवत होती ते मला माहीत आहे. इथे ओटा, असं गवंड्याला सांगत होती. गवंड्याला ओटा खिडकीखाली हवा होता, हिला भिंतीकडे. ओटा भिंतीकडेच झाला. त्याच ओट्यापाशी उभं राहून आम्ही त्या फोटोसाठी खळ शिजवत होतो.

मी चारी कोपरे चिकटवले, हिने फोटो त्यांत सरकवला. पानावर दुधाच्या पिशवीचं धुतलेलं प्लास्टिक ठेवलं, वही मिटली आणि वर कणकेचा डबा ठेवला. वजनाला तोच होता आमचा.

डबा ठेवण्याआधी मी म्हटलं होतं, "खाली लिही की."

"माझ्या फोटोखाली मीच लिहू? आपलं आपण? तुम्ही लिहा."

"माझं अक्षर बघितलं आहेस ना."

"अक्षर कोण बघतं. लिहा म्हटलं ना."

"उद्या लिहितो."

"उद्या लिहा. पण लिहा."

संध्याकाळी खिचडी झाली, टीव्ही झाला. सकाळी मी चहा ठेवून उठवायला गेलो तर ही उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाला. त्याला आणखी काय म्हणता येणार होतं.

*

ही वही आमच्या नातीमुळे सुरू झाली. शाळेत तिला घराण्याची वंशावळ करून आणायला सांगितली होती, फोटोंसकट. ती आमच्याकडे आली आणि पलंगाखालची ट्रंक ओढून बसली. हिने ट्रंक उघडू दिली, फोटो हातात धरू दिले, पण एकही नेऊ दिला नाही. नातीने मोबाइलवर फोटोंचे फोटो काढले आणि गेली. ट्रंक मात्र उघडीच राहिली. कितीतरी दिवस पलंगावर फोटोच फोटो. मी बाजूला चटई टाकून झोपायचो.

मग एके सकाळी ही म्हणाली, "तुम्ही दफ्तरी होते की नाही?"

"होतो."

"मग मला एक वही बांधून द्या. चिकटवही. चांगली. सरकारी नको."

दफ्तरी म्हणजे काय ते आता कोणाला कळत नाही म्हणून सांगतो. जुन्या ऑफिसात रजिस्टरं शिवायला, फायलींना पुठ्ठे लावायला, पाकिटं चिकटवायला एक माणूस असायचा. तो दफ्तरी. शिक्षण लागत नसे, हात लागायचा. मी चौथीपर्यंत शिकलो. आमचं ऑफिस नागपूरला होतं, ते लखनौला हललं, तेव्हा टेबलं, कपाटं आणि मी असे सगळे ट्रकमधून आलो. ही मागून आली, नवी नवरी, वर्ध्याची. सातवी पास. आमच्या घरात शिकलेली म्हणजे हीच.

इथे आल्यावर हिला पहिली अडचण बोलण्याची झाली. हिची हिंदी म्हणजे मराठीला है लावलेली. लखनौची माणसं इतकी गोड बोलतात की भांडतात की पाहुणचार करतात ते कळत नाही. ही भाजीवाल्याशी भांडायला जायची आणि तोच हिला "बहनजी, आप बैठिए" म्हणायचा. ही घरी येऊन म्हणायची, "याच्याशी भांडण होतच नाही बाप्पा."

वहीसाठी मी जुन्या शहरातल्या चौक बाजारात गेलो. चिकनच्या कपड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत पुठ्ठा आणि बांधणीचं कापड मिळतं, दुकान अजून आहे. मालक जाऊन त्याचा मुलगा बसतो. काळे जाड कागद घेतले. घरी येऊन कापले, दुमडले, सुईने शिवले. निवृत्त झाल्यापासून माझ्या हातांना काही काम नव्हतं. आता ते थरथरतात, पण सुई धरली की थांबतात. ही समोर बसून बघायची आणि म्हणायची, "ऑफिसात पण एवढं हळू करायचे का? म्हणून प्रमोशन झालं नाही तुमचं."

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. फोटो पूर्ण चिकटवायचा नाही. जुन्या फोटोंच्या मागे काहीबाही लिहिलेलं असतं, स्टुडिओचा शिक्का असतो, ते जातं. म्हणून कोपरे करायचे, कोपरे चिकटवायचे आणि फोटो त्यांत बसवायचा. कोपऱ्यांना कागद कुठला? तर लग्नपत्रिकांचा. हिने येईल ती पत्रिका जपून ठेवलेली. सोनेरी, लाल, मखमली. एक फार सुंदर पत्रिका होती, त्या जोडप्याचं पुढे जमलं नाही, वेगळे झाले. मी म्हटलं, ही नको. ही म्हणाली, "त्यांचं जमलं नाही, त्यात पत्रिकेचा काय दोष? पुठ्ठा बघा किती चांगला आहे." हिच्या माहेरचे सगळे फोटो त्या पत्रिकेच्या कोपऱ्यांत बसले आहेत.

मी कोपरे कापायचो आणि ही लिहायची. पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करून, निळ्या पेनने. पहिल्या पानावर लिहिलं, आमचा संसार. मग हिची आई. वर्ध्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो, खुर्चीत ताठ बसलेली, पायात चपला फोटोवाल्याच्या. खाली फक्त आई. मग माझे वडील. त्यांचा स्वतंत्र फोटो नाही. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचा एक फोटो कोण्या इंजिनीअरने काढला होता, त्यात शेवटच्या रांगेत त्यांचं डोकं आहे, मसुरीच्या डाळीएवढं. हिने फोटोवर खूण करू दिली नाही. बाजूच्या काळ्या कागदावर पांढरा बाण काढला आणि लिहिलं, मामंजी. हिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लग्नाआधीच गेले होते ते. तरी मामंजी लिहिताना पदर डोक्यावर घेतला. मी बघितलं.

माझे फोटो बरेच निघाले. त्यांखाली हिने लिहिलं, हे.

हे, सायकलसह. हे, ऑफिसच्या पायऱ्यांवर. हे, तापात. तापातला फोटो म्हणजे मी खाटेवर पडलेलो, कपाळावर ओली पट्टी. आजारी माणसाचा फोटो कोणी काढतं का? पण शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता आणि त्याला रोल धुवायला द्यायचा होता. घरात न हलता पडून राहिलेला मीच होतो.

मी म्हटलं, "अगं, नाव लिही. हे म्हणजे कोण, कोणाला कळणार?"

"मला कळतं."

"लग्नात तर घेतलं होतंस, उखाण्यात."

"ते सगळ्यांनी दार अडवलं होतं म्हणून. आता कोणी अडवलंय?"

नाव हिने नाहीच लिहिलं. खरं सांगायचं तर मीही हिला कधी नावाने हाक मारली नाही. अगं म्हणायचो. ऐकलं का म्हणायचो. नुसता खोकललो तरी ही यायची.

*

ही गेल्यावर विहारातले लोक आले, पुण्यानुमोदन झालं, आणि मुलगा मला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. शहराचं ते टोक आणि आमचं हे टोक. मुलगा चांगला आहे, सून इकडचीच पण माया करणारी आहे. खोली दिली, खिडकी दिली. पण तिथे कोणी मला काही काम सांगत नव्हतं. जेवा, झोपा, औषध घ्या. मी काही पाहुणा म्हणून जन्माला आलो नव्हतो. एक दिवस पिशवी भरली आणि म्हटलं, मला जानकीपुरमला सोड.

घर जसंच्या तसं होतं. टेबलावर वही, वहीवर कणकेचा डबा. झाकण उघडलं तर कणकेला जाळी लागली होती. मी झाकण लावलं. डबा हलवला नाही. खालचं पान बघायचं माझ्याने झालं नाही. उद्या लिहितो म्हणालो होतो ना, तो उद्या त्या डब्याखाली होता. मी बाहेरून पोळ्या आणायला लागलो. सून डबा पाठवायची तो वेगळा.

मग एका रविवारी तिघंही आले. मुलाने काही न विचारता डबा उचलून खाली ठेवला आणि वही मांडीवर घेतली. पानं उलटत राहिला. आईच्या अक्षरावरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "बाबा, हे सगळं मी स्कॅन करतो. छान पुस्तक छापून घेऊ, चकचकीत कागदावर. वर्ध्याला पाठवू, नागपूरला पाठवू. सगळ्यांकडे एकेक राहील."

"पाठव."

"पण खाली नावं नीट टाकावी लागतील. आता हे बघा, 'हे'. असं कसं छापणार?"

नात बाजूला सरकली. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीत. वही स्वतःकडे ओढून मोठ्याने वाचायला लागली. "हे, सायकलसह. हे, तापात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आजी ने हर फोटो के नीचे भगवान को क्यों पुकारा है? हे भगवान, साइकिल. हे भगवान, बुखार."

सून हसली, मुलगा हसला. मीही हसलो. ही गेल्यावर पहिल्यांदा. तापातला माझा चेहरा होताच तसा, बघणाऱ्याने भगवान म्हणावं असा.

नातीला जोर आला. पुढचं पान. "आई. कौन आई? कहाँ से आई?"

"आई म्हणजे मम्मी," मुलगा म्हणाला. "आजीची मम्मी."

"अच्छा. मुझे लगा कोई आई है. और ये मामंजी? आजोबा, आपके पापा आजी के मामा थे?"

"सासऱ्याला म्हणतात तसं."

"फिर ससुर क्यों नहीं लिखा?"

मुलगा म्हणाला, "बघा, बाबा. म्हणूनच म्हणतो. तुमच्यामागे, माझ्यामागे या पोरीला यातलं काय कळणार आहे? अक्षरं वाचेल आणि भलताच अर्थ लावेल. नाव, नातं, साल. साधं, सरळ."

बरोबरच बोलत होता. लिपी एक, म्हणून पोरगी सगळं घडाघडा वाचते, आणि वाचलं तरी हातात येतं ते दुसरंच. हिने एवढ्या निगुतीने लिहिलेल्या चिठ्ठ्या उद्या कोणाला विनोद वाटतील. नावं टाकली तर कळेल सगळं, पण मग ते हिने लिहिलेलं राहणार नाही. तापातला माणूस माझ्या नावाचा कोणीतरी होईल. हिचा 'हे' राहणार नाही.

मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात काय टाकायचं ते टाक. या वहीतली एक चिठ्ठी काढायची नाही."

"नाही काढत. पण शेवटच्या फोटोखाली आईने काही लिहिलंच नाही."

"ते मी लिहायचं आहे."

"मग सांगा, टाइप करून घेतो."

मला सांगता येईना. मुलाने वही मिटली. "पुढच्या रविवारी वही न्यायला येतो. तोवर ठरवा. नाही सुचलं तर आईचं पूर्ण नाव टाकू, वर कालकथित लिहू."

"दुकानाची पाटी आहे का ती?" मी म्हणालो. जरा जास्तच तोडून बोललो, पण बोललो.

ते गेल्यावर मी डबा परत वहीवर ठेवला.

तो आठवडा मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून बघण्यात घालवला. आधी हिचं नाव लिहिलं. दोनदा लिहिलं, अक्षर बरं यावं म्हणून. आणि बघत बसलो तर ओळखच पटेना. हे नाव मी कुठे कुठे बघितलं होतं? रेशन कार्डावर. दवाखान्याच्या चिठ्ठीवर. शेवटी स्मशानातल्या पावतीवर. ते नाव सरकारचं होतं, आमच्या घरात ते कधी वावरलंच नाही. मग आई लिहिलं. ती मुलाची. आजी लिहिलं. ती नातीची. पत्नी लिहिलं, तर ते लग्नपत्रिकेतल्यासारखं वाटलं आणि त्या वेगळ्या झालेल्या जोडप्याची आठवण झाली. अगं लिहून बघितलं. फोटोतल्या माणसाला हाक कशी मारणार? ही तर बघतही नाही, ओटा दाखवण्यात गुंतली आहे.

लिहा म्हणाली होती. एवढं एकच सांगितलं होतं, आणि मला तेवढंही जमत नव्हतं.

शनिवारी दुपारी नात आली. परीक्षा संपल्या होत्या, राहायला आली होती. डबा घेऊन आली होती सुनेचा. जेवून झाल्यावर म्हणाली, "आजोबा, वो भगवान वाली कॉपी दिखाओ."

मी वहीवरचा कणकेचा डबा खाली काढला. पहिल्या पानापासून बसलो. आई म्हणजे कोण आणि चपला कोणाच्या, ते सांगितलं. मामंजी सांगितलं. ती म्हणाली, "इतना छोटा सिर? ये तो कोई भी हो सकता है."

"कोणीही नाही. तेच आहेत. आमच्या घरचे कान बघ."

तिने मोबाइलवर मोठं करून बघितलं, मग माझे कान बघितले, मग स्वतःचा कान चाचपला. "हाँ यार," म्हणाली.

तापातल्या फोटोवर आली आणि विचारलं, "मतलब आजी आपका नाम कभी नहीं लेती थीं? कभी भी नहीं?"

"नाही. हे यायचे आहेत, हे जेवले, हे ऐकत नाहीत. असं."

"और आप आजी को क्या बुलाते थे?"

"काही नाही. अगं."

"सामने तो अगं. पीछे? जब किसी और को बताते थे?"

मी बोलून गेलो, "ही. ही बाजारात गेली. ही म्हणते नको. हिला विचारून सांगतो. काहीही असलं तरी आधी हिला विचारून सांगतो."

बोललो आणि थांबलो. आठवडाभर कागद खराब करत होतो आणि शब्द तोंडातच होता. दिवसातून शंभरदा यायचा म्हणून दिसला नसेल.

मी पांढऱ्या कागदाची चिठ्ठी कापली. हिचंच निळं पेन घेतलं. एवढंसं अक्षर, तरी दुसरी वेलांटी काढताना हात हलला आणि तिचं शेपूट लांब गेलं. राहू दिलं. नातीने वाकून वाचलं.

"ही?"

"ही."

"बस? आजोबा, ये अधूरा है. हिंदी में ही अकेला नहीं आता. किसी के पीछे लगता है. आप ही, मैं ही, घर ही."

मी ओट्याकडे बघत बसलो. मग म्हटलं, "मराठीत येते."

तिने वाद घातला नाही. वही परत पहिल्या पानाकडे उलटली आणि विचार करत राहिली. "मैं एक चीज़ लिख दूँ? आगे वाले गत्ते के अंदर. आजी की कोई चिट नहीं हटाऊँगी." आणि उत्तराची वाट न बघता एका कागदावर लिहायला लागली, हिंदीत, गोल गोल अक्षरांत. इस कॉपी में हे भगवान नहीं, मेरे आजोबा हैं. आई का मतलब माँ है. मामंजी मामा नहीं, ससुर हैं, कान देखिए. संसार का मतलब दुनिया नहीं, गृहस्थी है. शेवटी तिचं पेन अडलं. "आजोबा, ही का क्या लिखूँ?"

"आजी लिही."

"सिर्फ़ आजी?"

"मग काय लिहिणार?"

तिने लिहिलं, ही मेरी आजी हैं. वाचून मला म्हणाली, "देखो, इसमें भी अजीब लग रहा है. जैसे कुछ छूट गया हो." पण खोडलं नाही.

चिकटवायला खळ हवी होती. घरात पिठाचं काही नव्हतं, त्या डब्याशिवाय. जाळी लागलेली कणीक खायला चालत नाही, चिकटवायला चालते. हिने स्वतः जाऊन दळून आणलेली होती ती. मी ओढणीचा तुकडा पातेल्यावर बांधला. किडे आणि जाळी वर राहिली, खाली वस्त्रगाळ उतरली. गाळायला मी आणि गॅसपाशीही मीच. नात म्हणाली, "मैं चलाऊँ?" आणि तिने पळी घेतली.

"आजोबा, गाँठ पड़ गई."

"पडली नाही. तुला दिसली," मी म्हणालो.

गुठळी होती. चांगली वाटाण्याएवढी. चमच्याने काढून टाकली.

आधी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तिचा कागद लावला. मग शेवटच्या पानावर, चुन्याच्या रेघांच्या खाली, माझी चिठ्ठी. अंगठ्याने दाबली, मधून कडेकडे, हवा राहू नये म्हणून. दोन्हीकडे प्लास्टिक घातलं, वही मिटली आणि वर डबा ठेवला.

"पापा कल ले जाएँगे?" नातीने विचारलं.

"फोटो नेईल. कोपऱ्यांतून काढायचे, छापून आणायचे आणि पुन्हा बसवायचे. वही कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. नात झोपली होती. डबा उचलला, वही उघडली. दोन्ही कागद सुकले होते, कुठे फुगा नव्हता. वेलांटीचं शेपूट जरा पसरलं होतं. वही उघडीच ठेवली टेबलावर, हिच्या पानावर.

मग डब्यातली उरलेली कणीक गच्चीवर नेऊन पाखरांना टाकली. डबा घासला, उन्हात पालथा घातला, कोरडा केला. कोठीतले गहू काढले, परातीत घेऊन निवडले. ही निवडायची तेव्हा मी म्हणायचो, आजकाल गहू साफच येतात. येत नाहीत. खडे निघाले. पिशवी सायकलला लावली, डबा कॅरिअरला बांधला आणि चक्कीवर गेलो.

चक्कीवाल्याने गहू तोलले आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. त्याला कोणी सांगितलं नसावं.

"बाबूजी, आज अम्मा नहीं आईं?"

"नहीं," मी म्हणालो. "अब मैं ही आऊँगा."

त्याने मान हलवली. मग पट्टा चालू करायच्या आधी विचारलं, "मोटा करूँ कि महीन?"

"महीन," मी म्हणालो, आणि डब्याचं झाकण उघडून धरलं.